कागद, कात्री आणि जागतिक व्यापार

शालेय पातळीवर अर्थशास्त्र बहुधा व्याख्यांच्या आधाराने शिकवले जाते. त्यामुळे ‘व्यापारशर्ती’ किंवा ‘मूल्यवर्धन’ यांसारख्या संज्ञा विद्यार्थ्यांना पाठ होतात, पण त्या ज्या व्यवहारांची नावे आहेत ते व्यवहार त्यांना अनोळखीच राहतात. सदृशीकरण, म्हणजे प्रत्यक्ष व्यवस्थेची लहान प्रतिकृती वर्गात उभी करून तिच्यात विद्यार्थ्यांना निर्णय घ्यायला लावणे, ही या उणिवेवर शोधलेली अध्यापनपद्धती आहे.

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ‘ख्रिश्चन एड’ या सेवाभावी संस्थेचा ‘ट्रेडिंग गेम’ हा व्यापाराचा खेळ. त्यात वर्गाचे गट पाडतात आणि प्रत्येक गट एक देश मानला जातो. ठरलेल्या मापाचे त्रिकोण, वर्तुळे आणि आयत कागदातून कापून ते बँकेला विकणे व जास्तीत जास्त पैसे मिळवणे एवढेच काम असते. मापात न बसणारा आकार बँक नाकारते. मात्र आरंभीचे वाटप जाणूनबुजून विषम असते. काही गटांना कात्री, पट्टी, कंपास आणि बऱ्यापैकी रोकड मिळते, पण कागद अगदी थोडा. इतरांकडे कागद भरपूर असतो, पण तो कापायला काहीच नसते. ही विषमता का आहे, हे शिक्षक सांगत नाहीत. कागदवाल्या गटाला कात्री भाड्याने घ्यावी लागते, आणि मोबदल्यात किती कागद द्यायचा हे कात्रीवाला गट ठरवू लागतो. कच्च्या मालावर प्रक्रिया करून त्याची किंमत वाढवणे म्हणजे मूल्यवर्धन, आणि त्याचा मोठा वाटा साधने बाळगणाऱ्याकडे का जातो, हे विद्यार्थ्यांना इथे व्याख्येशिवाय कळते.

खेळाचा सर्वांत बोधप्रद भाग मध्यावर येतो. बाजारात एखाद्या आकाराची रेलचेल झाली की बँक त्याचा भाव एकाएकी उतरवते, आणि तोच आकार नेटाने कापत बसलेल्या गटाचे श्रम तेवढेच राहूनही उत्पन्न घटते. निर्यातीच्या मोबदल्यात किती आयात पदरात पडते, या प्रमाणाला व्यापारशर्ती म्हणतात; कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात खालावत जातात, असे प्रतिपादन राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० मध्ये केले, आणि त्यावरील वाद आजही मिटलेला नाही. महाराष्ट्रातील शिक्षकाला यासाठी दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथल्या कापसाचा पुरवठा आटला, तेव्हा खानदेश आणि वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला आणि मुंबईतील पेढ्या बुडाल्या. भाव ठरवणारी घटना शेतापासून हजारो मैलांवर घडली होती, हे खेळ खेळलेल्या मुलांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही केवळ हा एकच खेळ खेळवला, तर बाजार म्हणजे निव्वळ लुबाडणूक असा ग्रह होण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी दुसऱ्या परंपरेची जोड हवी. हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड चेंबरलिन यांनी विद्यार्थ्यांना काल्पनिक ग्राहक आणि विक्रेते करून वर्गात बाजार भरवला आणि त्याचा वृत्तांत १९४८ मध्ये प्रसिद्ध केला; सौदे दोघादोघांत खाजगीपणे होत असल्यामुळे भाव सिद्धान्ताने वर्तवलेल्या पातळीवर स्थिरावले नाहीत. चेंबरलिन यांच्या वर्गात नंतर विद्यार्थी म्हणून बसलेले व्हर्नन स्मिथ यांनी पुढे पर्ड्यू विद्यापीठात नियम बदलले: बोली सर्वांसमक्ष लावायची आणि बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. तेव्हा भाव समतोल किमतीकडे, म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात त्या किमतीकडे, झपाट्याने सरकला. या प्रायोगिक अर्थशास्त्रासाठी स्मिथ यांना २००२ मध्ये नोबेल स्मृती पुरस्कार देण्यात आला. हा प्रयोगही शाळेत सहज करता येतो. ग्राहकाच्या चिठ्ठीवर त्याने देण्याची कमाल किंमत आणि विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याचा उत्पादनखर्च लिहिला की पुरते.

पहिला खेळ आरंभीच्या मालकीचे महत्त्व दाखवतो, दुसरा नियमांचे आणि खुल्या माहितीचे. जागतिक अर्थव्यवस्था समजण्यासाठी दोन्ही लागतात, आणि एकटाच शिकवलेला कोणताही खेळ अर्धसत्यच ठरतो. शिवाय चलनांचे विनिमय दर, कर्जावरील व्याज, मजुरांचे स्थलांतर यांतले काहीच मूळ कागदी खेळात नसते, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या पद्धतीचे यश खेळानंतरच्या चर्चेवर अवलंबून असते. चर्चा वगळली तर जिंकलेला गट आपले यश निव्वळ कष्टांचे आणि हरलेला गट आपले अपयश निव्वळ आळसाचे मानून वर्गाबाहेर पडेल, आणि तसे झाले तर खेळ न खेळवलेलाच बरा. म्हणून शिक्षकांनी खेळाला जेवढा वेळ दिला असेल, निदान तेवढाच चर्चेसाठी राखून ठेवावा, आणि पहिला प्रश्न कागद हाती असूनही कात्री न मिळालेल्या गटाला विचारावा.