ऐकू येणे आणि कळणे : श्रवणरोपणाचा नवा प्रोसेसर कसा पारखावा?



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता वैद्यकाचा वाटेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने त्यात का पडावे, असा प्रश्नही कोणाच्या मनात येईल. परंतु कानामागे बसवलेल्या यंत्राची अखेरची परीक्षा भाषेतच होते, आणि भाषेचा प्रश्न आला की भाषेच्या अध्यापकाला अंग चोरता येत नाही. आपल्या गोत्रीत आज वैद्यकीय महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे. घरात मराठी आणि दारात गुजराती अशी कितीतरी कुटुंबे या भागात राहतात. अशा घरात श्रवणरोपण झालेले मूल असेल, तर काही वर्षांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो. बाजारात नवा प्रोसेसर आला आहे. तो घ्यावा की नाही? प्रश्न लाखाच्या घरातील रकमेचा असतो आणि मुलाच्या शिक्षणाचाही असतो. त्याचे उत्तर कसे शोधावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे ३,५०० आतील केशपेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, शेवटच्या वेढ्यातील पेशी खालचे स्वर टिपतात. या पेशी नष्ट झाल्या तरी त्यांच्यामागची श्रवणनाडी बहुधा शाबूत असते. त्या नाडीला विजेने चेतवता येईल काय, याचा प्रयोग १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी केला. १९७८ साली मेलबर्न येथे ग्रॅमी क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड असलेले यंत्र एका बहिऱ्या गृहस्थाच्या कानात बसवले. अमेरिकेत बावीस इलेक्ट्रोडांच्या यंत्राला प्रौढांसाठी १९८५ मध्ये आणि लहान मुलांसाठी १९९० मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने हे अग्रणी होत. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी सुधारलेल्या केंद्र शासनाच्या एडिप योजनेत दरवर्षी ५०० मुलांना प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंतचे यंत्र देण्याची तरतूद झाली, आणि तिचे सूत्रसंचालन वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आले.

या यंत्राचे दोन भाग असतात. एक त्वचेखाली शस्त्रक्रियेने बसवलेला. तो पुष्कळ वर्षे, शक्य तर आयुष्यभर तेथेच राहावा, अशी अपेक्षा असते. दुसरा बाहेरचा, म्हणजे प्रोसेसर. त्यातील मायक्रोफोन आवाज घेतो, प्रोसेसर त्याचे उंच-खाली असे पट्टे पाडतो, आणि केसांवर लोहचुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून ती माहिती आत जाते. बाहेरचा भाग झपाट्याने बदलत आला आहे. एकेकाळी तो खिशात ठेवायचा डबा होता. न्यूक्लियस पद्धतीत १९९८ साली तो कानामागे आला, आणि २०२२ पर्यंत त्याची ‘न्यूक्लियस ८’ ही पिढी निघाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रोसेसर नवा आला तरी आतले इलेक्ट्रोड जुनेच राहतात. कंपनीनुसार ते १२, १६ किंवा २२ असतात. ती संख्या वाढत नाही. म्हणून नवा प्रोसेसर गोंगाट कमी करील, समोरच्याचा आवाज उठावदार करील, बॅटरीची किंवा दूरध्वनीची सोय वाढवील. पण आतल्या यंत्राची मर्यादा तो पुसून टाकणार नाही. जुन्या नमुन्याचे सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून तो बदलावा लागतो, ही बाब वेगळी. तेथे निवड उरतच नाही. निवड असेल तेव्हा मात्र पारख हवी.

पारख करण्याची रीत श्रवणतज्ज्ञांनी सिद्ध केलेली आहे. पहिली पायरी मॅपिंगची. प्रत्येक इलेक्ट्रोडवर किती विजेने आवाज जेमतेम जाणवतो आणि कितीपर्यंत तो सुखकर राहतो, हे मोजून प्रोसेसरमध्ये भरतात. त्यानंतर डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखले जाणारे सहा ध्वनी ऐकवतात : आ, ई, ऊ, म, श, स. या सहांत बोलण्याचा खालपासून वरपर्यंतचा पल्ला येतो. मग शब्दांच्या याद्या, वाक्ये, आणि शेवटी गोंगाटातली वाक्ये. हे सर्व जुन्या प्रोसेसरवर आणि नव्यावर, दोहोंवर करावे लागते.

या मोजणीत फसगतीच्या जागा पुष्कळ आहेत. पंचवीस शब्दांपैकी मुलाने जुन्या यंत्रावर पंधरा ओळखले आणि नव्यावर अठरा, तर पालकांना आनंद होतो. परंतु थॉर्नटन आणि रॅफिन यांनी १९७८ सालीच दाखवून दिले की, इतक्या लहान यादीत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. चार चित्रांतून एक निवडायचे असेल, तर काहीही न ऐकता चारांतले एक बरोबर येते. तीच यादी पुन्हा वापरली, तर कानाऐवजी स्मरणशक्तीची परीक्षा होते. शिवाय नव्या वस्तूचा उत्साह असतो आणि मधल्या काळात मूलही मोठे झालेले असते. उलट, पहिल्या दिवशी नवा आवाज विचित्र वाटतो, म्हणून त्याच दिवशी निकाल देणेही अन्यायाचे. यावर उपाय असा : नवा प्रोसेसर काही आठवडे रोज वापरू द्यावा, मग तपासावे, आणि त्याच बैठकीत जुना लावून पुन्हा तपासावे. याद्या वेगळ्या पण सारख्याच कठीण असाव्यात.

आता माझ्या प्रांतातला मुद्दा. शब्दांची यादी कोणत्या भाषेतली? इंग्रजी यादीचे भाषांतर केले तर शब्दांचे अर्थ येतात, ध्वनी येत नाहीत. आपल्या पूर्वसूरींनी मात्र वर्णमाला अशी मांडली आहे की, तिचाच चाचणीचा तक्ता व्हावा. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत ओळी उच्चाराच्या स्थानाप्रमाणे लागल्या आहेत. आडवे गेले की घोष, महाप्राण आणि अनुनासिक यांचे भेद येतात. मुलाची चूक आडवी आहे की उभी, हे पाहावे. ‘ताट’चे ‘थाट’, ‘दार’चे ‘धार’, ‘गडी’चे ‘घडी’ झाले, तर कालाचा सूक्ष्म भेद निसटतो आहे. ‘वात’ची ‘वाट’, ‘मन’चे ‘मण’, ‘वेल’ची ‘वेळ’ झाली, तर स्थानाचा भेद निसटतो आहे. श्रवणरोपणात स्थानभेद हा सर्वांत दुबळा दुवा असतो, कारण तो थोड्याशा इलेक्ट्रोडांवर उमटणाऱ्या स्वरपट्ट्यांच्या रचनेवर अवलंबून असतो. मराठीत तर ल-ळ आणि न-ण यांवर अर्थ उलटतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला ज लिहिताना एक, ऐकताना दोन. गुजरातीत ळ आणि ण आहेत, पण ज-चा हा दुहेरी उच्चार मराठीसारखा अर्थभेद करीत नाही. म्हणून मराठी घरातल्या मुलाची परीक्षा केवळ गुजराती यादीवर पुरी होत नाही, आणि गुजराती शाळेत जाणाऱ्याची केवळ मराठीवर होत नाही. ‘तू आलास.’ आणि ‘तू आलास?’ हा फरक तर फक्त सुराचा. स्वराचा चढउतार या यंत्रातून क्षीण पोहोचतो. म्हणून अशी वाक्येही चाचणीत हवीत.

दुसरा मुद्दा गोंगाटाचा. नव्या यंत्रांचे मोठे गुण येथेच सांगितले जातात आणि ते पुष्कळ अंशी खरे आहेत. पण पंख्याची एकसारखी घरघर गाळणे सोपे, माणसांच्या बोलण्यातून एक आवाज वेगळा काढणे अवघड. बोलणारा समोर आणि गोंगाट पाठीमागे अशा मांडणीत दिशाधारी मायक्रोफोनचे गुण भरघोस दिसतात. आपल्या पंगतीत मात्र बोलणारा शेजारी असतो, आणि वर्गात प्रश्न विचारणारा मित्र मागच्या बाकावर. म्हणून तपासणी शांत खोलीत संपू नये. ती वर्गापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत, रिक्षापर्यंत यावी.

हे काम केवळ रुग्णालयाचे नव्हे. शाळेजवळ एक जुने साधन आहे : शुद्धलेखन. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा ठरावीक अंतरावरून नवी दहा वाक्ये सांगावीत. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पातळ कापड धरावे; हात धरला तर आवाजच बदलतो. कोणता प्रोसेसर लावला होता, पंखा चालू होता की बंद, हे वहीच्या कोपऱ्यात लिहावे. दोन महिन्यांच्या अशा वह्या श्रवणतज्ज्ञापुढे ठेवल्या, तर त्यांना मॅपिंग कोठे सुधारायचे ते दिसेल आणि पालकांना पैसे कोठे घालायचे ते कळेल. कदाचित असेही दिसेल की, नव्या यंत्रापेक्षा जुन्याचे मॅपिंग आणि वाचाशिक्षणाचे आणखी एक वर्ष यांची गरज अधिक आहे. तसे दिसले तर ते निःसंकोच मान्य करावे. आणि नव्या यंत्राचा लाभ स्पष्ट दिसला, तर त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी हात पुढे करावा.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला वर्गात बसवणे हा त्या कार्याचा पहिला भाग होता. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलापर्यंत गुरुजींचा शब्द पोहोचतो की नाही, हे पाहणे हा त्याचाच पुढचा भाग होय. ज्या शिक्षकांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांच्या कार्याशी हा विचार सुसंगत आहे, असे मला वाटते.