कार्डाचे आकडे कागदावर लिहावेत का?

जून महिना उजाडला की जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड अशा परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी दिसू लागते. कुणाला शिष्यवृत्तीचे कागद जोडायचे असतात, कुणाला पीक कर्जाचे. घरातली वडीलमाणसे बहुधा अर्ज तुमच्याच हाती देतात. "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच भर," असे म्हणतात आणि पासबुकाबरोबर बँकेचे कार्डही पुढे करतात. ते कार्ड जनधन खात्याचे असेल, नाही तर किसान क्रेडिट कार्ड असेल. त्यामागच्या खात्यात कापसाचे किंवा सोयाबीनचे वर्षभराचे पैसे असतात. म्हणून या कार्डावरचे कोणते आकडे अर्जात लिहावेत आणि कोणते लिहू नयेत, हे तुम्हाला नीट ठाऊक असले पाहिजे.

पत्ता आणि किल्ली

पासबुकावर दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात: खाते क्रमांक आणि आयएफएससी. आयएफएससी हा ११ अक्षर-अंकांचा असतो. त्यातली पहिली चार अक्षरे बँक दाखवतात, पाचव्या जागी शून्य असते आणि शेवटची सहा चिन्हे शाखा दाखवतात. म्हणजे हा झाला तुमच्या खात्याचा पत्ता. पोस्टमनला पत्ता सांगितला म्हणून तो घराचे कुलूप उघडू शकत नाही. तसेच नुसत्या खाते क्रमांकावर पैसे जमा होतात, पण काढायचे झाले तर सही, पिन किंवा अंगठ्याचा ठसा लागतो.

कार्डाचे तसे नाही. कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत आणि मागच्या बाजूचे तीन अंक मिळून एक किल्ली तयार होते. शिष्यवृत्ती काय, अनुदान काय, तिथे पैसे तुमच्या खात्यात यायचे असतात. त्यासाठी पत्ता पुरतो. मग किल्ली कशाला द्यायची?

सोळा अंकांची कुळकथा

कार्डावरचे अंक मनाला येतील तसे छापलेले नसतात. बहुतेक कार्डांवर १६ अंक असतात. पहिल्या अंकावरून कार्डाचे कूळ कळते. व्हिसा कार्डाचा क्रमांक ४ ने सुरू होतो, मास्टरकार्डाचा ५ किंवा २ ने. आपल्या देशाने २०१२ साली सुरू केलेल्या रुपे कार्डांचे बरेच क्रमांक ६ ने सुरू होतात. पहिले सहा अंक (नव्या पद्धतीत आठ) कार्ड देणारी बँक दाखवतात. मधले अंक तुमचे. आणि शेवटचा एक अंक असतो 'पडताळा अंक'.

हा पडताळा अंक काढण्याची युक्ती हान्स पीटर लून या अभियंत्याने शोधली. तो आयबीएम कंपनीत काम करीत असे. १९५४ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली त्याला ते मिळाले. युक्ती अगदी सोपी आहे. वहीत करून पाहा.

आपण सहा अंकांचा एक खोटा क्रमांक घेऊ: ५२७४१६. उजवीकडून मोजत दर दुसऱ्या अंकाची दुप्पट करा. म्हणजे १ चे २, ७ चे १४ आणि ५ चे १०. दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्या: १४ चे ५, १० चा १. बाकीचे अंक जसेच्या तसे ठेवा. आता बेरीज करा: १ + २ + ५ + ४ + २ + ६ = २०. वीसला दहाने नि:शेष भाग जातो, म्हणून क्रमांक बरोबर. घाईत कुणी २ आणि ७ ची अदलाबदल करून ५७२४१६ लिहिले तर बेरीज २४ येते आणि यंत्र लगेच सांगते, "चूक!"

झाकलेला अंक सापडतो

आता आणखी एक गंमत. वरच्या क्रमांकातला ७ बोटाने झाका. उरलेल्या अंकांची बेरीज १५ होते. ती २० व्हायला ५ हवेत. ज्याची दुप्पट करून ५ मिळतात असा अंक एकच आहे, तो म्हणजे ७. झाकलेला अंक सापडला!

यावरून काय कळले? पडताळा अंक लिहिणाऱ्याची चूक पकडतो, पण चोराला अडवत नाही. उलट, एखादा अंक शाईने खोडून 'आता कार्ड सुरक्षित झाले' असे मानणाऱ्याला तो तोंडघशी पाडतो. दुकानातल्या पावतीवर शेवटचे चारच अंक का छापतात, तेही आता ध्यानात येईल. बँक कळली की पहिले सहा अंक शोधता येतात, शेवटचे चार पावतीवर असतात, मग मधले सहा उरतात. सहा अंकांच्या १० लाख शक्यता, आणि पडताळा अंकामुळे त्यातल्या १ लाखच उरतात. तरीही चाचपडणाऱ्याला एवढ्या पुरे आहेत, कारण चुकीचे प्रयत्न होऊ लागले की बँकेचा संगणक सावध होतो.

मागचे तीन अंक

कार्डाच्या मागे छापलेल्या तीन अंकांना सीव्हीव्ही म्हणतात. कार्डाचा क्रमांक आणि मुदत घेऊन, बँकेजवळच्या गुप्त किल्लीने गणित करून ते काढलेले असतात. ती गुप्त किल्ली आपल्याजवळ नसल्यामुळे नुसत्या क्रमांकावरून ते काढता येत नाहीत. हे अंक कार्डाच्या काळ्या चुंबकीय पट्टीतही नसतात. ज्याच्या हाती प्रत्यक्ष कार्ड आहे त्यालाच ते दिसावेत, हा हेतू. म्हणूनच व्यवहार मंजूर झाल्यावर हे तीन अंक साठवून ठेवण्यास कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. मग ते अर्जावर लिहून फाईलमध्ये वर्षानुवर्षे पडू देणे कसे चालेल?

चिप गुपित सांगत नाही

कार्डावरची सोनेरी चौकोनी चिप तुम्ही पाहिली असेल. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते, पण ती कधीच बाहेर येत नाही. दुकानातले यंत्र तिला रक्कम, तारीख आणि एक मनाला येईल तो आकडा देते. चिप आतल्या आत गणित करते आणि फक्त उत्तर बाहेर देते. पुढच्या वेळी प्रश्न बदलतो, म्हणून उत्तरही बदलते. कालच्या पेपराची उत्तरे चोरून आजचा पेपर सुटतो का? तसेच हे.

कागदावर मात्र आपण उत्तर नव्हे, गुपितच लिहून देतो. जो वाचेल त्याचे ते होते. हा धोका नवा नाही. पूर्वी कार्डावरचे अंक उठावाचे असत. दुकानदार कार्डावर कार्बन लावलेली पावती ठेवून वरून रूळ फिरवी आणि अंक कागदावर उमटत. परदेशात चोर कचऱ्याच्या टोपलीतले टाकून दिलेले कार्बन उचलून त्यावरचे अंक वाचत. आज कार्बन गेला, पण छपाईसाठी कार्डाचा फोटो दुकानदाराच्या मोबाईलवर पाठवला की तो तिथेच राहतो.

तुम्ही म्हणाल, "पण ओटीपी आल्याशिवाय पैसे जातातच कुठे?" प्रश्न योग्य आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांना असा दुसरा पडताळा सक्तीचा केला. तरी परदेशातल्या काही संकेतस्थळांवर ओटीपी विचारला जात नाही. शिवाय अर्जावर तुमचे नाव, जन्मतारीख आणि मोबाईल क्रमांकही असतो. तो कागद हाती लागलेला माणूस फोन करतो, नाव घेऊन बोलतो, कार्डाचे अंक वाचून दाखवतो आणि म्हणतो, "मी बँकेतून बोलतोय, आलेला ओटीपी सांगा." घरच्या साध्या माणसाचा विश्वास बसतो तो त्या कागदामुळेच.

मग अर्ज कसा भरावा?

१. पैसे मिळवण्यासाठीच्या अर्जात खाते क्रमांक आणि आयएफएससी लिहा. पुरावा म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश जोडा. कार्डाची प्रत जोडू नका.

२. बँकेच्या स्वतःच्या अर्जात कार्ड ओळखण्यासाठी क्रमांक विचारला, तर शेवटचे चार अंक चालतील का ते विचारा. पिन, सीव्हीव्ही आणि ओटीपी मात्र कुणालाही द्यायचे नाहीत. खरी बँक ते मागतच नाही.

३. पिन कार्डाच्या पाकिटावर किंवा पासबुकात लिहून ठेवू नका.

४. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद ठेवण्याची सोय बँकांनी दिलेली आहे. घरात कुणी तसे व्यवहार करीत नसेल तर ती वापरा.

५. सीव्हीव्हीसह सगळे अंक कुठे लिहून दिले गेले असतील तर कागद परत मिळण्याची वाट पाहू नका. बँकेला सांगून ते कार्ड बंद करा आणि नवे घ्या. नव्या कार्डाचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे जुना कागद निरुपयोगी होतो.

६. पैसे गेलेच तर लाजू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात वेळेला फार महत्त्व दिले आहे. दोष ना ग्राहकाचा ना बँकेचा, असा गैरव्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर नुकसान येत नाही. गुपित आपणच दिले असेल तर कळवण्याआधीचे नुकसान आपले, त्यानंतरचे बँकेचे.

पुढच्या वेळी अर्ज हाती आला की प्रत्येक रकान्याला एक प्रश्न विचारा: हा पत्ता मागतो आहे की किल्ली? आणि घरातल्या मोठ्यांनाही वहीतले ते सहा अंकांचे गणित करून दाखवा. एक झाकलेला अंक तुम्ही ओळखलात की कार्डाची प्रत का देऊ नये, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.