पक्ष्यांचे मांसल अलंकार

कोंबड्याच्या मस्तकावरील तुरा सर्वांच्याच परिचयाचा असतो. परंतु त्याच्या चोचीखाली लोंबणाऱ्या दोन तांबड्याभडक पाळ्यांचा विचार फारसा कोणी करीत नाही. सारा देह पिसांनी झाकलेला असता एवढेच मांस उघडे का राहिले असावे?

पक्ष्यांना घाम येत नाही. तुऱ्यात व पाळ्यांत मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. उन्हाळ्यात तेथून रक्त अधिक वाहू लागले, की अंगातील उष्णता हवेत निघून जाते. इटलीकडच्या लेगहॉर्न जातीस मोठा तुरा शोभतो, तो यामुळेच. अतिथंड देशांत हीच सोय संकट ठरते. हिवाने तुऱ्याची टोके गोठून काळी पडतात.

नराचा तुरा व पाळ्या मादीहून मोठ्या असतात. १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने कोवळ्या कोंबड्यांच्या वृषणग्रंथी काढल्या. त्यांचे तुरे व पाळ्या खुरटल्या. ते नरासारखे आरवेनात. काहींच्या पोटात त्या ग्रंथी पुन्हा बसविल्या, तेव्हा तुरे पूर्ववत वाढले. मज्जातंतूंचा जुना संबंध तर तुटलेला होता. अर्थात ग्रंथींचा प्रभाव रक्तावाटे पसरत असला पाहिजे, असे त्याने अनुमान केले. संप्रेरकांच्या शास्त्राचा आरंभ पुष्कळ जण या प्रयोगापासूनच मानतात. परसातल्या कोंबड्याचे हे उपकार काही लहान नव्हेत!

कोंबड्या पाळणारा जाणता मनुष्य खुराड्याशी येताच प्रथम तुरा पाहतो. तुरा फिकट दिसला, तर पक्ष्याच्या अंगात रक्त कमी झाले असावे, अशी त्यास शंका येते. तुरा व पाळ्या सुजून निळ्याजांभळ्या झाल्या, तर प्रसंग गंभीर होय. बर्ड फ्लू या घातक रोगाचे ते एक लक्षण आहे. २००६ सालच्या फेब्रुवारीत हा रोग भारतात प्रथम आढळला, तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि अनेक कुटुंबांची उपजीविका बुडाली.

टर्कीची मौज निराळीच. हा पक्षी मूळचा अमेरिकेतील असून मेक्सिकोत तो प्राचीन काळीच माणसाळला. त्याची बोडकी मान घटकेत तांबडी, घटकेत निळी वा पांढुरकी होते. रक्तवाहिन्या भरल्या की कातडी लाल दिसते. त्या आकसल्या की कातडीतील तंतूंवर प्रकाश विखुरतो आणि निळी झाक उमटते. पक्षी उत्तेजित झाला, की हे रंग पाहता पाहता पालटतात.

असा अलंकार पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. ओढ्याकाठी ओरडत उडणाऱ्या टिटवीच्या डोळ्यांपुढे लाल मांसल गाठ असते. कोरड्या माळावर राहणाऱ्या तिच्या बहिणीची, म्हणजे माळटिटवीची, गाठ पिवळीधमक असते. येथे नर व मादी दोघेही सारखेच नटलेले असतात. दोघी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. लाल गाठीची टिटवी तर कडक उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने आपली अंडी गार ठेवते.