बेपत्ता पतीची पत्नी

पति समुद्रावर गेला, गलबत बुडालें, प्रेत मात्र हातीं लागलें नाहीं. अशा स्त्रीनें पुन्हां विवाह करावा कीं जन्मभर वाट पाहावी? यहुदी, इस्लामी व ख्रिस्ती हे तिन्ही धर्म अब्राहामाला आपला पूर्वज मानतात. या प्रश्नाला मात्र त्यांचीं उत्तरें निरनिराळीं आहेत.

यहुदी शास्त्रांत विवाह सुटतो तो पतीच्या मृत्यूनें, किंवा त्यानें स्वतः दिलेल्या ‘गेट’ नांवाच्या सोडचिठ्ठीनें. न्यायपीठ त्याच्यावर दडपण आणील, पण त्याच्या जागीं गांठ सोडणार नाहीं. पति बेपत्ता झाला कीं पत्नी ‘अगुना’, म्हणजे जखडलेली. नुसता काळ लोटल्यानें मृत्यु सिद्ध होत नाहीं. म्हणून शास्त्र्यांनीं सवलत दिली ती पुराव्यांत. एरवीं साक्षीदार दोन लागतात. येथें एक पुरतो, आणि एरवीं अग्राह्य अशी स्त्रीची साक्षही चालते. तालमूदांत तर पाण्याचाही विचार आहे! चारी कांठ दिसणाऱ्या पाण्यांत बुडालेला वर आला नाहीं, तर पत्नी मोकळी; अथांग समुद्रांत बुडाला तर नाहीं, कारण न जाणो, तो दूर कोठें किनाऱ्याला लागला असेल. शिवाय एका साक्षीवर तिनें दुसरा विवाह केला आणि पहिला पति परतला, तर तिला दोघांनाही सोडावें लागे. हें क्रूर वाटतें खरें. पण उतावीळपणाला आळा तोच होता.

इस्लामांत काझी स्वतः विवाह मोडूं शकतो. प्रश्न उरतो तो किती काळानें. जुन्या हनफी मतानें, पतीचे समवयस्क हयात असेपर्यंत थांबावें. मालिकी मतानें चार वर्षें, व त्यानंतर विधवेची इद्दत, चार महिने दहा दिवस. भारतांतील बहुसंख्य मुसलमान हनफी. त्यामुळें कित्येक स्त्रियांनीं सुटकेसाठीं धर्मत्यागाची वाट धरली. तेव्हां मौलाना अश्रफ अली थानवी प्रभृति उलेमांनीं मालिकी मताचा आधार घेतला. 1939 च्या कायद्यानें चार वर्षांची मुदत मान्य केली, आणि धर्मत्यागाची वाट बंद केली. हुकूमनामा सहा महिन्यांनीं अमलांत येतो. तेवढ्यांत पति परतून नांदवण्यास तयार झाला, तर तो रद्द होतो.

कॅथॉलिक चर्चमध्यें हें बंधन मृत्यूखेरीज तुटत नाहीं. बिशप मृत्यु गृहीत धरूं शकतो, पण केवळ दीर्घ अनुपस्थितीवरून नव्हे. त्याची मनोमन खात्री पटावी लागते. लूथर व कॅल्व्हिन यांनीं मात्र पतीनें टाकून जाणें हेंही विच्छेदाचें कारण मानलें.

2001 सालीं न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हां यहुदी न्यायपीठापुढें पुन्हां अगुना उभ्या राहिल्या. फोनच्या नोंदी, दातांच्या खुणा, अवशेषांची डीएनए तपासणी असे पुरावे जमवून रब्बींनीं त्यांना मोकळें केलें.