रुग्णालयात जडणारे आजार आणि आपले हात

रुग्णालयात मनुष्य जातो तो बरा होण्यासाठी. घरून निघताना जो आजार त्याच्या अंगी नव्हता, तो तेथे गेल्यावर जडावा, ही गोष्ट ऐकावयास विपरीत वाटते. पण ती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सुमारे ७ आणि गरीब व मध्यम स्थितीच्या देशांत सुमारे १५ जणांना असा एखादा तरी संसर्ग होतो. हा संसर्ग रुग्णापर्यंत आणतो कोण? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी आपणांस थोडा वेळ व्हिएन्ना शहरी जावे लागेल.

तेथील मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर याचे कारण शोधीत होता. हवा तीच, अन्न तेच. मग फरक कशाचा?

मार्च १८४७ मध्ये त्याचा एक स्नेही, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून मरण पावला. त्याच्या देहात जी लक्षणे दिसली, ती बाळंतरोगाने गेलेल्या स्त्रियांच्या लक्षणांसारखीच होती. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी व डॉक्टर सकाळी प्रेते चिरीत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपाशीत. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका मेल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास.

इतका उघड पुरावा असता लोकांनी त्याला डोक्यावर घ्यावयास हवे होते. तसे झाले नाही. आपल्याच हातांनी रुग्ण मेले, हे मानणे अनेक डॉक्टरांना जड गेले. १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, वयाच्या ४७ व्या वर्षी वारला. पुढे १८७९ साली पाश्चरने बाळंतरोगाचे जंतू दाखवून दिले.

आज जंतूंविषयी कोणालाही शंका नाही, तरीही हात धुण्याचे राहूनच जाते. काम फार असते, खाटा दाटीने असतात, बेसिन दूर असते. हे सारे खरे. म्हणून आता खाटेपाशीच हातांना चोळावयाचे अल्कोहोलचे द्रव ठेवतात. ते २० ते ३० सेकंद चोळले की पुरते; मात्र हात मळलेले असतील, किंवा रुग्णाला काही विशिष्ट जंतूंचे जुलाब होत असतील, तर साबण आणि पाणीच हवे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सुई-नळीसारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या खाटेला वा वस्तूंना हात लावल्यावर, असे हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग आहेत.

हातांखेरीज दुसरी वाट आहे ती नळ्यांची. लघवीची नळी, शिरेतील सुई, श्वासाची नळी यांवाटे जंतू सरळ आत शिरतात. म्हणून नळीची गरज संपताच ती काढली पाहिजे. अशा जंतूंपैकी पुष्कळ आता नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

यात आपण नागरिकांनी काय करावे? आजाऱ्याला भेटावयास चार-चार जणांनी जाऊन खाटेवर बसू नये. आपणांस सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. आत शिरताना व बाहेर पडताना हात स्वच्छ करावेत. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे विचारणे. "डॉक्टरसाहेब, हात धुतलेत ना?" किंवा "सिस्टर, ही नळी अजून लागेल का?" असे नम्रपणे विचारण्यात कोणाचाही उपमर्द नाही. आपणांस भीड वाटते, हे आम्ही जाणतो. पण व्हिएन्नाच्या त्या बायकांना धोका कळत होता, आणि त्यांचे कोणी ऐकले नाही. आज ऐकणारे पुष्कळ आहेत, विचारणारे हवेत.