शेणातून यकृतकृमीचा शोध

कच्च्या माशातून माणसाच्या यकृतात शिरणारा चपटा कृमी हे थायलंड, चीन, कोरियाकडचं दुखणं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडात मासळी रश्शात शिजते, त्यामुळे ती वाट इथे जवळपास बंदच. आपल्याकडचा यकृतकृमी गुरांचा, 'फॅसिओला जायगँटिका'. ओहोळ-डबक्यांतल्या गोगलगायींतून तो बाहेर पडतो, काठच्या गवताला चिकटतो आणि चरणाऱ्या म्हशीच्या पोटात जातो.

म्हैस खंगली, दूध आटलं, जबड्याखाली सूज लोंबू लागली की शेण तपासायचं. या कृमीची अंडी जड; मिठाच्या पाण्यावर तरंगवायची नेहमीची रीत इथे कुचकामी. थोडं शेण पाण्यात कालवून गाळतात, तळाशी बसू देतात, वरचं पाणी ओततात, गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकतात. निळ्यात पिवळसर, झाकणवालं अंडं उठून दिसतं. मात्र लागणीनंतर अंडी दिसायला तीन महिने किंवा जास्तही लागतात आणि तोवर कोवळे कृमी यकृत पोखरत असतात. पावसाळा सरता सरता 'शेणात काही नाही' म्हणून निर्धास्त होणं महागात पडतं.

माणसात हा कृमी क्वचितच, तोही बहुधा पाणवनस्पती कच्च्या खाल्ल्याने. तेव्हा शौचाच्या तपासणीबरोबर रक्तातल्या इओसिनोफिल पेशी आणि सोनोग्राफीही पाहतात.