खाणीच्या गाळाचे धरण फुटल्यास आरोग्यावर काय परिणाम होतो?

२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे लोहखनिजाच्या खाणीचे गाळाचे धरण फुटले. जेवणाची वेळ होती आणि खाणीचे उपाहारगृह धरणाच्या खालच्या अंगाला होते. २७० जणांचा मृत्यू झाला. सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर गाळ वाहत जाऊन पाराओपेबा नदीत मिसळला.

खनिज दळून, धुऊन घेतल्यावर उरणारा बारीक चिखल अशा धरणात साठवतात. गोव्यातील खाणींजवळही असे ‘टेलिंग पाँड’ आहेत. अनेकदा बांधाची उंची त्याच वाळलेल्या गाळाने वाढवली जाते. त्यात पाणी मुरत राहिले, तर वरून घट्ट दिसणारा बांध एकाएकी पातळ होऊन वाहू लागतो. हा चिखल पाण्यापेक्षा जड असतो. त्यात पोहता येत नाही, छाती दाबली जाते, नाकातोंडात गाळ जाऊन श्वास कोंडतो.

वाचलेल्यांचे प्रश्न मात्र नंतर सुरू होतात. जखमेत गाळ गेला असल्यास ती भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

नदीचे किंवा विहिरीचे पाणी उकळून पिऊ का, असा प्रश्न हमखास येतो. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण नितळ म्हणजे सुरक्षित नव्हे. तपासणी होईपर्यंत टँकरचे किंवा दुसऱ्या खात्रीच्या स्रोताचे पाणी वापरा.

खाण कशाची होती, हे डॉक्टरांना जरूर सांगा. लोहखनिजाच्या गाळात मँगनीज असू शकते, सोन्याच्या खाणीत आर्सेनिक व सायनाइड, तर जस्ताच्या खाणीत शिसे. शिशाचा धोका लहान मुलांना सर्वाधिक, कारण मातीचे हात तोंडात जातात आणि वाढत्या मेंदूवर परिणाम होतो. रक्ततपासणीत शिशाचे प्रमाण कळते. शरीरातील विष काढणारी म्हणून विकली जाणारी औषधे मनाने घेऊ नका.

वाळलेल्या गाळाची धूळ दमेकऱ्यांना लगेच त्रास देते. घर कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि एन-९५ मास्क लावा.

झोप न लागणे, पाऊस सुरू होताच छातीत धडधडणे ही लक्षणे महिनाभरानंतरही टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. घरातले ज्यांचा मृतदेह मिळालेला नाही, त्यांच्या नातेवाइकांना हा त्रास अधिक काळ होतो.